विचारा ना भाऊ : कॅम्परच्या कनाती, टपावरचं कव्हर अन् मे महिन्याचं ऊन

मागच्या अंकात मी आमच्या जुन्या ट्रॅव्हलरची घरगाडी कशी केली ते लिहिलं होतं, पलंग, पाण्याची टाकी, कुलर सगळं इतकं बारीक सांगितलं अन् शेवटी एका ओळीत लिहून टाकलं की "बाजूला ऑनिंग लावून घ्या, कनाती मग पाहा". ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला लावायचं, गुंडाळून ठेवता येणारं कापडी छत, अन् कनाती म्हणजे त्या छताच्या कडांना लावायचे कापडी पडदे. त्या एका ओळीनं घोळ केला. पलंगाबद्दल एकानंही विचारलं नाही, सगळ्यांचे प्रश्न कापडाचे. म्हणून यावेळी फक्त कापडच. पत्रं लांब होती ती कापली, राग मानू नका.

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे जुनी तेरा सीटची ट्रॅव्हलर हाये, सीटा काढून घरगाडी केली. डाव्या बाजूले तीन मीटरची गुंडाळाची ऑनिंग बसवली, कापड अडीच मीटर बाहेर येते. आता तिले बाजूच्या कनाती लावाच्या हायेत. साळा इंग्लंडात असते, तो म्हणते तयार सेट पाठवतो. इथला हुडवाला म्हणते मी अर्ध्या पैशात शिवून देतो. बहिरमच्या जत्रेत हप्ताभर राहाचं हाये अन् उन्हाळ्यात पोट्ट्यायले घेऊन ताडोब्याकडे जाचं हाये. सेट घेऊ का शिवू? अन् तीनही बाजू बंद करू का?
— एक वाचक, ता. अचलपूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो भाऊ. तीनही बाजू बंद करू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. ऑनिंग घेतली की लोक लगेच तिची खोली करायला पाहतात कारण व्हिडिओत तशी दिसते, पण ते व्हिडिओ थंड मुलखातले, तिथं कनात लावतात ती ऊब धरून ठेवायला, पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्यांतून ऊन आत येऊन बसलं की त्यांना बरं वाटते. तेच आपल्याकडे मे महिन्यात लावलं तर आत पापड भाजून निघतील. अन् म्हणाल कुलर लावू, तर कुलरला एका बाजूनं कोरडी हवा पाहिजे अन् दुसऱ्या बाजूनं ओली हवा निघून जायला वाट पाहिजे, बंद कनातीत कुलर म्हणजे नुसती चिकचिक अन् मोटरचा आवाज.

कनात घ्यायच्या आधी गाडी कशी उभी करायची ते पाहा, त्याला पैसे लागत नाहीत. तुमची ऑनिंग डावीकडे आहे. उन्हाळ्यात गाडीचं तोंड दक्षिणेला करा. मग डावी बाजू पूर्वेला येते, म्हणजे दुपार टळली की गाडीच मधे उभी राहून पश्चिमेचं ऊन अडवते, एवढी जाड कनात कोणताच हुडवाला शिवून देणार नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम २२-२३ अंश वर असतो अन् तोही बरोबर पश्चिमेला नाही तर थोडा उत्तरेकडे सरकलेला, म्हणजे अडीच मीटर उंच गाडीची सावली पाच-सहा मीटर लांब पडते, तुमच्या ऑनिंगखालची जागा त्यात सगळी बुडून जाते. राहिलं ते सकाळचं पूर्वेचं ऊन, त्याला पुढच्या बाजूला हिरव्या नाहीतर पांढऱ्या शेडनेटची एक कनात पुरते, ७५ टक्केवाली घ्या, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी, ऊन अडते अन् हवाही येते. घरचे म्हातारे म्हणतील दक्षिणेला तोंड नको, आमच्या आईनंही म्हटलं होतं. मी म्हटलं, माय, झोपणाऱ्याचं डोकं दुसरीकडे करू, गाडीला काय कळते.

बहिरमचं गणित उलटं. तिथं डिसेंबर-जानेवारीची थंडी, सातपुड्याच्या पायथ्याचा वारा, अन् सूर्य दुपारीही खाली, साधारण ४५ अंशावर, तोही दक्षिणेला. तिथं तोंड पश्चिमेला करा म्हणजे ऑनिंग दक्षिणेला येईल. पुढची कड २ मीटर उंच ठेवली तर बारा वाजता ऊन २ मीटर आत येते, बाया गव्हाचं निवडणं घेऊन बसू शकतात, अन् उत्तरेच्या वाऱ्याला गाडी आडवी. तिथं दोन टोकांच्या बाजूच्या कनाती खरंच कामाच्या आहेत, वाऱ्यासाठी नाही म्हणत, लोकांसाठी. जत्रेत लोक दर राहुटीत डोकावून पाहतात की हंडीत काय शिजून राहिलं.

तर माझं म्हणणं, एक पुढची जाळीची अन् एक बाजूची जाड, या दोन घ्या. तिसरी दोन-चार मुक्काम करून मग ठरवा. जाड असेल ती अशी शिवा की डाव्या टोकालाही लागेल अन् उजव्या टोकालाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी शिलाई साफ पाहिजे अन् दरवाज्याची चेन बरोबर मधे.

आता साळ्याचा सेट. एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे, इंग्लंडातही आपल्यासारखंच डावीकडून गाड्या चालतात, त्यामुळे तिथल्या कॅम्परचं सरकतं दारही बहुतेक डावीकडेच असते, डावं-उजवं उलटं होण्याची भीती कमी. जर्मनी-इटलीच्या बाजूचा सेट असता तर दार उजवीकडचं धरून शिवलेला आला असता. पण सेट हा कोणत्या कंपनीच्या ऑनिंगसाठी आहे ते पाहा, फियामाचं थुलेला अन् थुलेचं फियामाला आपलं आपणच बसते असं नाही, अन् इथल्या लोकल डब्याला, म्हणजे ऑनिंगचं कापड ज्यात गुंडाळून राहते त्याला, तर दोन्ही बसतील याची काहीच गॅरंटी नाही. कनातीच्या वरच्या कडेला दोरी भरलेली पायपिंग असते, ती ॲल्युमिनियमच्या खाचेतून सरकवायची असते, त्या दोरीची जाडी मिलिमीटरमधे असते अन् एक मिलिमीटर जाड आली की सरकतच नाही, पातळ आली की वाऱ्यात निघून जाते. तुमच्या खाचेत आधी साधी दोरी घालून पाहा अन् मग व्हर्नियरनं मोजून साळ्याला सांगा.

माझं विचाराल तर मी शिवूनच घेईन, पण माप स्वतः घेईन. इथंच सगळे फसतात. बाजूची कनात चौकोनी नसते. गाडीकडे उंच अन् पुढे ठेंगणी असते, वरची कड उताराची. समजा गाडीकडे २.४ मीटर अन् पुढच्या पायाशी २ मीटर, तर वरच्या कडेचं माप जमिनीवरून घ्यायचं नाही, टेप उतारावर धरून घ्यायचं. अन् ऑनिंगचा डबा ३ मीटरचा असला तरी कापड त्यापेक्षा आखूड असते, पुढची कनात कापडाच्या मापानं शिवा, डब्याच्या नाही. माप घेताना गाडी सपाट जागेवर, टाकी भरलेली, ऑनिंग ताणलेली. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा गाडी रिकामी होती, सामान भरल्यावर गाडीचे स्प्रिंगचे पाटे बसले अन् कनात जमिनीवर दीड-दोन इंच लोळायला लागली, काळ्या मातीत. ती अजून तशीच आहे, धुतली तरी तिचा खालचा पट्टा चहात बुडवल्यासारखा दिसतो.

म्हणून खालची कड जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. हिवाळ्यात वारा येते वाटलं तर रेक्झिनचा फूटभर पट्टा वेगळा शिवून वेल्क्रोनं लावा, चिखल उडाला तर तेवढाच काढून धुता येते.

कापडाचं थोडक्यात सांगतो. पीव्हीसी म्हणजे रेक्झिनसारखं, पाणी अजिबात येत नाही, पुसलं की साफ, पण जड, अन् श्वास घेत नाही. पॉलिस्टर हलकं, आतून लेप असतो, तो लेप ओला गुंडाळून ठेवला की काही वर्षांनी सोलून निघतो. ऑनिंगसाठी जे ॲक्रिलिक येते ते उन्हात उडत नाही कारण रंग धाग्यातच असतो, हवा खेळते, पण मुसळधार पावसात ते भरवशाचं नाही. सुती कॅनव्हास जुना अन् चांगला, ओला झाला की धागे फुगून भोकं बंद होतात, म्हणूनच नवा कॅनव्हास पहिल्यांदा भिजवून वाळवून घ्यायचा, एकदा नाही दोनदा. फक्त पाऊस चालू असताना आतून बोट लावू नका, जिथं लागलं तिथून झिरपायला लागते. आपल्याकडच्या बाजूच्या कनातीसाठी मी कॅनव्हास म्हणतो. हुडवाल्याला दोनच गोष्टी बजावा, सुती दोरा वापरू नको, उन्हापावसात कुजतो, पॉलिस्टरचा वापर, अन् नुसत्या रिंगा ठोकू नको, मागे पलंगाच्या निवारीची पट्टी शिव अन् तिच्यावर रिंग ठोक. रिंग कधी तुटत नाही, रिंगेभोवतीचं कापड फाटते.

प्रश्न : माझी इको हाये, कॅम्पर केली. अंगणात उभी रायते, शेड नाही. टपावर काळी प्लास्टिक ताडपत्री आवळून बांधली होती, उन्हाळाभर. काढली तं टपाच्या रंगाले बारीक चरे पडले अन् गाडीच्या आत पाय ठेववत नव्हता. कव्हर बांधूनही आत एवढं काहून तापते? जाड घेऊ का?
— वरोऱ्याहून

उत्तर : जाड घेऊन काही होत नाही दादा. कव्हर पत्र्याला चिकटलं तर ते कव्हर नाही, ते पत्र्याचं जाकीट झालं. काळं प्लास्टिक ऊन पिते, तापते, खाली पत्रा लागून असते त्याला तो सगळा ताप देऊन देते. मधे हवा पाहिजे. चार बोटं तरी, वीतभर असली तर अजून बरं, अन् दोन्ही टोकं उघडी, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघत राहते. शेतात टिनाच्या शेडवर तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या टाकतात ना, त्यात दुसरं काय असते. तुऱ्हाटी अन् टिन यांच्या मधली हवा असते.

तुमच्याकडे तर ते जास्तच लागते. २० मेच्या आसपास चंद्रपूर भागात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीखालीच मुरते, नागपूरकडे तेच २६ मेच्या आसपास. म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन अन् ते सरळ टपावर, बाजूला नाही. लोक काचांना पडदे लावत बसतात, लावा, पण दुपारचा मार टपावर आहे.

करायचं असं. टपाच्या कॅरिअरवर आडवे तीन बांबू, नाहीतर पीव्हीसी पाइप, मधला थोडा उंच, दमणीवर, म्हणजे छत असलेल्या बैलगाडीवर, कमानी असायच्या तसं. जिथं बांबू पत्र्याजवळ येतो तिथं फोमची नळी नाहीतर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळा. त्यावर कापड. उन्हाळ्यात पांढरं किंवा चांदीरंगी बाहेर, कारण पांढरं ऊन परतवते, काळं पिते. नुसती ७५ टक्केवाली शेडनेट दोन पदरी टाकली तरी फरक पडते, कारण ऊन पत्र्यापर्यंत पोचायच्या आधीच अडते. पावसाळ्यात त्याच बांबूंवर सिल्पॉलिन, म्हणजे प्लास्टिकची ताडपत्री टाका, बाजारात जीएसएमवर भेटते, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते. कायमची उभी गाडी असेल तर २०० च्या वरची घ्या, हलकी ७०-९० वाली वाऱ्यात फडफडून महिन्या-दोन महिन्यात चिंध्या होते.

चऱ्यांचं सांगतो. ते ताडपत्रीचे नाहीत, धुळीचे आहेत. तुमच्याकडे तर साधी धूळ नाही, कोळशाची बारीक पूड असते तिच्यात. ती टपावर बसली, वरून कापड आवळलं, वारा रोज ते कापड सरकवून राहिला, म्हणजे पॉलिश पेपरच झाला. टप धुवून, पूर्ण वाळवून मग कव्हर, अन् पत्र्याला लागणारच असेल तर आतून मऊ अस्तराचं. ओल्या टपावर प्लास्टिक टाकाल तर रंगाखाली फोड येतात, ते मी स्वतःच्या टपावर पाहिलं आहे.

अन् गाडी कडुनिंबाखाली लावत असाल तर अर्धं काम झाडच करते, फक्त वाळक्या फांद्या आधी छाटून घ्या. आंब्याखाली नको, चीक पडते.

टपावर सोलर असेल तर त्याच्यावर कव्हर टाकू नका हे सांगायला नको, पण एकानं टाकलं होतं अन् मला फोन केला की बॅटरी चार्ज होत नाही. सोलरची प्लेट स्वतःच खालच्या पत्र्याला सावली देते, तिच्याखालीही चार बोटं हवा ठेवा, कारण प्लेट तापली की करंट कमी देते, २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीमागे साधारण ०.४ टक्का. प्लेट पत्र्यावर चिकटवून टाकणारे आहेत, दिसायला छान दिसते.

प्रश्न : निवडणुकीनंतरचे फ्लेक्स पडलेत घरी, चांगले मोठे. कनाती होतील का?
— पुसदकडून

उत्तर : होतील, एका हंगामापुरत्या. फ्लेक्स उन्हात कडक होतो अन् घडीवर तडकतो, म्हणून घडी करू नका, गुंडाळा. सोयाबीनच्या गंजीवर घालायला ठीक आहे. छापलेली बाजू बाहेर ठेवा, नाहीतर रात्री कंदील लावला की हात जोडून उभा असलेला उमेदवार पलंगाशी येतो, पोरं घाबरतात.

प्रश्न : भाऊ, आम्ही पाच जणं, सासूबाई, दोन मुली. रात्री ऑनिंगच्या चारही बाजू लावून त्यातच स्वयंपाक करतो, मच्छर येत नाहीत अन् कोणी पाहत नाही. पण चेन दर वेळी अडकते अन् परवा सासूबाईंचं डोकं गरगरलं. कोणती कनात घ्यावी की गरम होणार नाही?
— एक ताई, दारव्हा

उत्तर : ताई, कनातीचं नंतर. ते डोकं गरगरणं गरमीचं नसेलही. बंद कापडात शेगडी किंवा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखते, गरगरते, मळमळते, अन् माणूस झोपलेला असला तर उठतच नाही. कोळशाची शेगडी तर विझल्यासारखी दिसली तरी सोडत राहते. आजपासून बंद कनातीत पेटवणं बंद. थंडीत शेकोटीची घमेली आत घेऊन झोपणंही बंद. स्वयंपाक करायचा तर पुढची बाजू पूर्ण उघडी, अन् गाडीजवळ कनातीत वरच्या बाजूला जाळीची खिडकी. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून खालचा पट्टा लावलेला असताना सिलेंडर आत नको.

यासाठी तुमच्या कामाची कनात म्हणजे दुपदरी, आतून मच्छरदाणीची जाळी अन् बाहेरून कापडाचा पल्ला जो वर गुंडाळता येतो. स्वयंपाक चालू असताना पल्ला वर, जाळी खाली. कपडे बदलायचे तेव्हा पल्ला खाली. जाळीजवळ चूल नको, नायलॉन एका ठिणगीत विरघळते. आडोशासाठी सगळी ऑनिंग बंद करायची गरज नाही, मागच्या दोन दारांच्या मधे एक आडवं कापड अडकवलं तर तेवढ्यात न्हाणी होते, आम्ही तेच करतो, सौभाग्यवतीची आयडिया.

चेन अडकते ती धुळीनं. मोठ्या दातांची घ्या, दहा नंबर, अन् दर मुक्कामाच्या आधी पांढरी मेणबत्ती घासा. तेल लावू नका, तेलाला धूळ अजून चिकटते.

प्रश्न : भाचेजावयानं पुण्याहून टप वर उचलणारी गाडी आणली, पॉप-टॉप म्हणतात ते. श्रावणात चिखलदऱ्याला चौघं गेलो. सकाळी वरच्या कापडाच्या आतून पाणी ओघळून राहिलं होतं, गादी ओली. कंपनी म्हणते लीक नाही. खोटं बोलून राहिले का?
— परतवाडा

उत्तर : बहुतेक खरं बोलून राहिले. झोपलेली चार माणसं रात्रभरात श्वासातून अन् घामातून मिळून लिटरभर पाणी सोडतात, ते कुठं जाईल, चिखलदरा हजार मीटरच्या वर, बाहेर धुकं, कापड गार, आतली हवा गरम, तर ते पाणी कापडावरच बसणार. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. खात्री करायची असेल तर कोरड्या दिवशी आतून टिश्यू पेपर शिवणीवर चिकटवा अन् बाहेरून पाइपनं पाणी मारा. पेपर शिवणीवर ओला झाला तर लीक, कोरडाच राहिला तर तुमचाच श्वास.

उपाय दोन. पहिला, वरच्या खिडकीची जाळी थोडी उघडी ठेवा, थंडी वाजली तरी, अन् खालचीही एक काच बोटभर, म्हणजे हवा खालून वर जाईल. दुसरा, बाहेरून त्या कापडाला आणखी एक कव्हर भेटते, वर उचललेल्या टपाभोवती गुंडाळायचं, त्यानं कापड थेट गार वाऱ्यात राहत नाही. पण इथंही तेच, कव्हर अन् कापड यांच्या मधे जागा ठेवा अन् खालून मोकळं सोडा. घट्ट आवळलेलं बाहेरचं प्लास्टिक लावाल तर आधी गादी ओली होत होती, आता कापडही वाळणार नाही.

निघायच्या घाईत ओलं कापड तसंच दाबून टप बंद केला तर घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवा. उद्यावर टाकलं की काळे ठिपके येतात, ती बुरशी, ती मग आयुष्यभर जात नाही. अन् चिखलदऱ्यात माकडांपासून सांभाळा, वर उचललेला टप त्यांना झोक्यासारखा वाटतो, खाण्याचा वास आला तर जाळी फाडून आत हात घालतात. वरच्या पलंगावर चिवड्याची पिशवी ठेवू नका एवढंच.

प्रश्न : मागच्या जूनमधे पाऊस यायच्या आधीच्या वावधानात आमच्या ऑनिंगचे दोन्ही पाय वाकले. कनाती लावल्या होत्या तरी. खुंट्या चांगल्या ठोकल्या होत्या. कोणती मजबूत कनात घ्यावी?
— आर्णीकडून

उत्तर : "कनाती लावल्या होत्या तरी" नाही काकाजी, कनाती लावल्या होत्या म्हणूनच. उघड्या ऑनिंगखालून वारा निघून जातो. बाजूला कापड लावलं की ते शीड झालं, अडीच मीटर बाय दोन म्हणजे पाच चौरस मीटरचं. अन् वाऱ्याचा हिशोब सरळ नसतो, वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. म्हणजे तुमची कनात जितकी मजबूत, तितका तो जोर न फाटता पायावर जातो अन् पाय वाकतो. मी तर म्हणतो कापड फाटलं तर स्वस्तात सुटलो.

माझं झालेलं सांगतो. मृगाच्या आधीची गोष्ट, एका नातेवाइकाच्या वावरात मुक्काम, संध्याकाळचं आभाळ पश्चिमेला पिवळं झालं होतं अन् वारा एकदम थांबला होता, पान हलत नव्हतं. ते थांबणं कळायला पाहिजे होतं. मला वाटलं चहा होऊन जाईल. चहा झाला नाही. धुळीची भिंत आली, ऑनिंग खालून फुगली, दोन्ही पाय जमिनीतून उपटून वर, अन् कापड गाडीच्या टपावरून पलीकडे जाऊन पडलं, डब्याचे दोन ब्रॅकेट पत्र्यासकट ओढले. कनात तिसऱ्या वावरात बाभळीवर सापडली. चूक कोणाची नाही, माझीच, गुंडाळायला तीन मिनिटं लागतात अन् माझ्याजवळ दहा होती.

तर नियम एकच ठेवला आहे आता. मे-जूनमधे संध्याकाळी चार नंतर कनाती काढून ठेवायच्या अन् गावात जायचं असेल, झोपायचं असेल तर ऑनिंग गुंडाळायची. आभाळ कसंही असो.

खुंट्यांचं. काळ्या मातीत त्या छोट्या तारेच्या खुंट्या काही कामाच्या नाहीत ज्या सेटमधे येतात. उन्हाळ्यात भेगा असतात, खुंटी भेगेत गेली तर हलत राहते, अन् एक सर आली की तीच माती लोण्यासारखी होऊन खुंटी हातानं निघते. १२ मिलिमीटरची सळई दोन फूट कापून, वरून वाकवून घ्या, लोहार करून देतो. ठोकताना सरळ नाही, तिरपी, डोकं ऑनिंगपासून दूर झुकलेलं, बैल बांधायचा खुंटा जसा ओढीच्या उलट कलता ठोकतात तसा. माती फारच भुसभुशीत असली तर पोत्यात गोटे भरून, फूट-दीड फूट खड्ड्यात आडवं पुरून, दोरी त्याला. दोरीच्या मधे सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा बांधा, झटका तो खातो. मुरमाड जागा भेटली तर तीच धरा, सावली थोडी कमी असली तरी.

पावसाचं राहिलं. एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवा म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून पडून जाईल. तुमची ऑनिंग माझ्याएवढीच असेल तर साडेसात चौरस मीटरची, २० मिलिमीटर पाऊस पडला अन् सगळा तिच्यावरच साचला तर १५० लिटर होते, म्हणजे दीडशे किलो, दोन तगडी माणसं वर बसवल्यासारखं. पाय वाऱ्यानं वाकले म्हणता, एकदा आठवून पाहा, पाणी साचून तर नाही वाकले.

प्रश्न : ऑनिंगचा डबा टपाच्या बाहेर येते, आरटीओ धरेल का? अन् टपाचं कव्हर बांधूनच गाडी चालवली तं चालते का?
— उमरेड

उत्तर : पहिल्याचं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगते की आरसीवर जी गाडी लिहिली आहे अन् कंपनीनं जशी दिली आहे तिच्यात फेरफार करता येत नाही, म्हणून कायमचं वेल्डिंग करून काही बसवायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून घ्या, तिथंच लिहून घ्या. नटबोल्टनं काढता येणारी असेल तर निदान काढून दाखवता येते. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून लोकांना वाटते की सगळं मोकळं झालं, तसं नाही.

दुसऱ्याचं, नाही.

प्रश्न : बायको म्हणते कनाती केशरी घ्या, मी म्हणतो गडद हिरव्या. भांडण मिटवा.
— एक सेवानिवृत्त शिक्षक, रामटेक

उत्तर : गुरुजी, दोन्ही नको. केशरी कापडाखाली दुपारी सगळं केशरी दिसते, वरण, भात, माणसं, अन् पोराला कावीळ झाली की काय असं वाटते. गडद हिरवं सावली दाट देते पण तापते जास्त. आमच्याकडे फिकट राखाडी आहे, आतून उजेड खरा पडतो, वर्तमानपत्र वाचता येते. फक्त त्यावर धूळ लगेच दिसते अन् ती पुसायचं काम कोणाकडे ते काकूंशी आधी ठरवून घ्या, आमच्याकडे ते माझ्याकडे आलं.